चिकन आणि पाणी

नवा डबा दुकानात आला की जुबेदा कुरेशी त्याला आधी आंघोळ घालत असे. भाजी धुवायची जाळीची चाळण बेसिनमध्ये ठेवायची, कुत्र्याच्या खाण्याचा डबा तिच्यात उपडा करायचा आणि वरून नळ सोडायचा. रस्सा वाहून जायचा, रश्श्याला चकाकी आणणारा डिंक जायचा. गाजराचे चौकोनी तुकडे आणि वाटाणे ती बोटाने बाजूला सारायची. मग चाळणीत उरेल तो माल, बाकी सगळी सजावट, असं तिचं म्हणणं होतं आणि कंपनीचा माणूस समोर उभा असला तरी ती ते बोलून दाखवायची.

उरलेल्यातला एक तुकडा चिमटीत धरून ती ओढून बघे. मांस असलं तर ते रेषारेषांनी सुटतं. गव्हाचा चिकट भाग आणि सोयाबीन साच्यात दाबून केलेला तुकडा मात्र ढोकळ्यासारखा तुटतो, मग त्याला कितीही तपकिरी रंग दिलेला असो. असा तुकडा निघाला की जुबेदा तो कंपनीच्या माणसाच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, "हा कुठल्या प्राण्याचा कुठला भाग? मला दाखवा. मी कसायाची मुलगी आहे, मला तरी सापडला नाही."

तो बिचारा हसून वेळ मारून न्यायचा. डबा मात्र दुकानात ठेवला जात नसे.

कोथरूडमध्ये दुकान टाकायची कल्पना तिचीच. नवरा मकसूद मार्केट यार्डात मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला. त्याला वाटे, कॅम्पात आपली माणसं आहेत, ओळखी आहेत, तिथेच काहीतरी बघावं. जुबेदा म्हणाली, "कॅम्पात कुत्र्याला काय घालायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोथरूडला घरात कुत्री आहेत आणि मटण नाही. तिथे माझी गरज आहे." मकसूद गप्प बसला. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं एवढं तो शिकला होता.

तिचा अंदाज खरा निघाला. सोसायट्या वाढल्या तशी कुत्री वाढली, आणि ज्यांच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही त्यांच्या सोफ्यावर लॅब्रेडॉर येऊन बसला. काहींनी त्याला वरणभातावर वाढवायचा प्रयत्न केला. बाकीच्यांची मोठी पंचाईत झाली. कुत्र्याला मांस तर द्यायचं, पण ते आपल्या पातेल्यात शिजवायचं नाही, आपल्या फ्रीजमध्ये ठेवायचं नाही आणि जमलं तर बघायचंही नाही. डब्यांनी ती सोय केली. डबा गॅलरीत उघडायचा, कुत्र्याचा चमचा वेगळा, कुत्र्याचं ताट वेगळं आणि ते धुवायला कामवाल्या बाई. धर्मही राहिला आणि कुत्राही. फक्त डब्यात नक्की काय आहे हे या मंडळींना कळायला मार्ग नव्हता. मांस त्यांनी जन्मात हातात धरलेलं नव्हतं. म्हणून ते जुबेदाला विचारत, आणि जुबेदाला कोणी विचारलेलं फार आवडे.

तिचे वडील दादामियाँ यांचा कॅम्पात मटणाचा गाळा होता. लहानपणी शाळा सुटली की ती गाळ्याच्या मागच्या फळीवर बसून गृहपाठ करायची. पाढे पाठ करता करता मांडीचा तुकडा कुठला, खांद्याचा कुठला, कलेजी ताजी कशी ओळखायची हे तिच्या डोळ्यांत बसलं. पुढे दुकान टाकल्यावर डब्यावरचं वाचायलाही ती आपली आपणच शिकली. घटक वजनाच्या क्रमाने लिहितात, म्हणून गव्हाचंच पीठ, कोंडा आणि चिकट भाग असे तीन वेगळे घटक करून लिहिले की कोंबडी आपोआप पहिल्या नंबरावर येते, हे तिने ओळखलं होतं. डब्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, तेव्हा डब्यावरची प्रथिनं आणि कोरड्या खाण्याच्या पोत्यावरची प्रथिनं शेजारी शेजारी ठेवून बघू नका, आधी पाणी वजा करा, हे ती गिऱ्हाइकांना शिकवायची. 'मांस व प्राणिजन्य पदार्थ' असं मोघम लिहिलेलं दिसलं की तिचा पारा चढे. कलेजी, फुफ्फुस, आतडी यांच्याविरुद्ध तिची काही तक्रार नव्हती. "आमच्याकडे कलेजी लाडक्या माणसाला वाढतात," ती म्हणायची. "पण कलेजी असेल तर कलेजी लिहा ना. लाजता कशाला?"

थोडक्यात, बाई हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा स्वभाव. कोथरूडमध्ये तो खपून गेला, कारण तिथे तो बऱ्याच जणांचा आहे.

मंदाकिनीबाई साठे जवळच्याच सोसायटीत राहत. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या, कडक सोवळ्याच्या नव्हेत पण मांसाच्या नावाने शहारणाऱ्या. त्यांच्या भाचीने लॅब्रेडॉरचं एक पिल्लू "आठच दिवस सांभाळ गं मावशी" म्हणून आणून ठेवलं आणि स्वतः बंगळूरला नोकरी धरली. आठ दिवस काही संपले नाहीत. बाईंनी पिल्लाचं नाव गुंड्या ठेवलं आणि त्याला घेऊन दुकानात आल्या.

"अहो, हे काय खातं?" त्यांनी विचारलं. जणू कोणी त्यांच्या घरात वाघ आणून बांधला होता.

"आत्ता काय देता?"

भाचीने दिलेलं पिल्लांच्या कोरड्या खाण्याचं पोतं बाईंनी पिशवीतून आणलंच होतं. जुबेदाने मूठभर दाणे हातावर घेतले, वास घेतला, पोत्याच्या मागचं वाचलं आणि नाक मुरडलं.

"पहिलाच घटक मका. ताई, हा भुसा आहे. कोंबडी या पोत्यावर फक्त चित्रात आहे."

"मग?"

जुबेदाने वरच्या फळीवरचा डबा काढला. चाळणीच्या परीक्षेत आजवर पहिला आलेला डबा हाच. बाहेरदेशातून येणारा. घटकांच्या जागी दोनच शब्द, चिकन आणि पाणी. तिने तो बाईंसमोर चाळणीत ओतला, धुतला आणि तुकडा ओढून दाखवला. पांढऱ्या स्वच्छ रेषा सुटल्या. मंदाकिनीबाईंनी तोंड फिरवलं होतं, पण कान इकडेच होते.

"हा सकाळ-संध्याकाळ द्या. दुसरं काही नको. माझ्या स्वतःच्या कुत्र्याला मी हेच दिलं असतं."

गुंड्याने ताट चाटून पुसून लख्ख केलं. पोतं मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे काम करणाऱ्या तुळजाबाईंना देऊन टाकलं, त्यांनी ते आपल्या कोंबड्यांना घातलं. पिल्लू दिसामासाने वाढू लागलं. अंगावर अशी तुकतुकी आली की रस्त्यात माणसं थांबून विचारायची. बाई त्याला संध्याकाळी दुकानात आणत आणि जुबेदा आलेल्या गिऱ्हाइकाला सांगे, "हे बघा. याला म्हणतात खाणं." तुळजाबाई एकदा नळीचं हाड घेऊन आल्या होत्या, पिल्लाला चघळायला. मंदाकिनीबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. गॅलरीत डबा उघडणं त्यांनी मनावर दगड ठेवून सोसलं होतं, हाड मात्र त्यांना सोसणारं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी हसत हसत जुबेदाला सांगितली आणि जुबेदाही हसली. "हाडाची गरजच काय, ताई? नुसतं मांस जातंय पोटात."

मग गुंड्या उठताना कुंई करू लागला. आधी वाटलं लाडात आला आहे. पुढच्या पायांना बाक आला, पंजे पसरले, चालताना मनगट जमिनीला टेकायला लागलं. मंदाकिनीबाई काळजीत पडल्या. जुबेदाने पाय दाबून बघितले आणि सांगितलं, "वजन वाढलंय, पायांवर भार येतो. होईल सरळ." हे ती कशावरून म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्याकडे उत्तर नाही असं कोथरूडमध्ये अजून झालं नव्हतं.

एका सकाळी गॅलरीच्या उंबऱ्यावरून गुंड्याने उडी मारली. उंबरा केवढा, वीतभर. पण तो किंचाळला आणि मागचा पाय उचलून धरून पडून राहिला.

जनावरांचे डॉक्टर संभाजी तुपे मूळचे हडपसरचे. घरी एकेकाळी ऊस आणि म्हशी, आता जमिनीवर इमारती, पण गोठ्यात वाढल्याच्या खुणा बोलण्यात राहिलेल्या. त्यांनी गुंड्याचा एक्स-रे काढला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "खायला काय देता?"

मंदाकिनीबाईंनी जुबेदाला फोन लावला. "अहो, तो डबा घेऊन या. डॉक्टर विचारतायत."

जुबेदा लढायच्या तयारीनेच निघाली. डॉक्टर लोकांचं तिला माहीत होतं. त्यांच्या कपाटात कुठल्या तरी कंपनीची पोती ठेवलेली असतात आणि डब्याला नावं ठेवल्याशिवाय ती हलत नाहीत. दवाखान्यात शिरताच तिने डबा टेबलावर ठेवला.

"वाचा, डॉक्टर. चिकन आणि पाणी. भेसळ नाही, मका नाही, सोयाबीन नाही. यापेक्षा चांगला डबा पुण्यात असेल तर मला दाखवा."

"डबा चांगलाच हाय," डॉक्टर म्हणाले. "खोटं काही नाही त्यात. पण एवढ्यावरच ठेवलं होतं का याला?"

"एवढ्यावरच."

डॉक्टरांनी एक्स-रे काचेवर लावला. शेजारी दुसऱ्या कुठल्या तरी पिल्लाचा लावला. दुसऱ्याची हाडं पांढरीशुभ्र उमटली होती. गुंड्याची हाडं आसपासच्या मांसाइतकीच फिकट होती, कुठे हाड संपलं आणि कुठे मांस सुरू झालं ते नजर ताणून शोधावं लागत होतं.

"मांसात कॅल्शियम नाही, ताई. म्हणायला असतं, तेवढंच. रक्ताला तर ते रोज लागतं. खाण्यातून नाही मिळालं की शरीर आपल्याच हाडातून काढून घेतं. हे वाढतं पिल्लू. वरनं वजन वाढतंय आणि आतनं हाड पोकळ होतंय. म्हणून एवढ्याशा उडीनं मोडलं."

जुबेदाचा आवाज चढला. "असं कसं? आमच्या अब्बांच्या गाळ्यासमोर कुत्री असायची. जन्मभर मटणावर वाढलेली. धट्टीकट्टी, दगड मारला तरी न हलणारी. त्यांना कुठे कोण कॅल्शियम..."

आणि ती तिथेच थांबली.

गाळा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. अब्बांचा लाकडी ओंडका, सत्तूर, आणि ओंडक्याखाली जमणारं ते सगळं. मानेचे मणके, बरगड्यांची टोकं, खुर, कुर्चा. तेच अब्बा पायाने बाहेर सारायचे आणि कुत्री त्यावर तुटून पडायची. कडाकड आवाज यायचा, तिचं पाढे म्हणणं त्या आवाजात बुडून जायचं. चांगली बोटी कुत्र्याला टाकताना तिने अब्बांना कधी पाहिलं होतं? दुकानदार माणूस, तो कशाला टाकेल? ती कुत्री मटणावर वाढली नव्हती. हाडांवर वाढली होती. इतकी वर्षं तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि भलतंच लक्षात ठेवलं होतं.

डॉक्टरांनी डबा फिरवून मागची एक बारीक ओळ तिला दाखवली. हा पूरक आहार आहे, संपूर्ण आहार नव्हे, असं कंपनीने स्वतःच छापलं होतं. घटकांच्या ओळीपासून बोटभर अंतरावर. जुबेदाने तो डबा शंभरदा हातात घेतला असेल. घटक वाचून झाले की तिचं वाचन संपायचं.

"बरा होईल का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. त्यांचा हात गुंड्याच्या डोक्यावरून हलला नव्हता.

"वय लहान हाय, हाड भरेल. पण पिंजऱ्यात ठेवायचं, उड्या नाहीत, पळणं नाही. पाठीचा कणा दगा देऊ नये म्हणजे झालं. पाय किती सरळ होतील ते मी आज सांगत नाही."

डॉक्टरांनी खाणं लिहून दिलं. वाढत्या पिल्लांचा संपूर्ण आहार. ते तेच पोतं होतं, ज्याला जुबेदा भुसा म्हणाली होती.

दवाखान्याबाहेर गुंड्याला चादरीत घेऊन दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. मंदाकिनीबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माझीच चूक. तुळजाबाई हाड घेऊन आल्या होत्या, मीच परत पाठवलं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

जुबेदाने ऐकलं. गप्प राहिली असती तर चाललं असतं. डॉक्टरांनी सल्ला कोणी दिला हे विचारलं नव्हतं, आणि ही बाई आपण होऊन दोष पदरात घेत होती. दुकानाची सगळी पत एका गोष्टीवर उभी होती, की जुबेदाला आतलं कळतं. ही बातमी सोसायट्यांच्या बाकांवर पोचायला एक संध्याकाळ पुरली असती. 

"ताई, तुमची नाही," ती म्हणाली. "पोतं मी बंद करायला लावलं. भुसा म्हणाले. हाडाची गरज नाही हेही मीच म्हणाले. पाय वाकले तेव्हा वजनामुळे आहे म्हणून सांगितलं, तेही मनानेच. चूक माझी आहे."

मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"माहीत आहे मला. मी बहिरी नाही. तुम्ही बोलता की नाही, तेवढं बघत होते."

जुबेदाला काही बोलता येईना. कोथरूडमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आता रिक्षा थांबवा. माझे हात गुंतलेत," बाई म्हणाल्या.

त्यानंतर गुंड्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात पडून राहिला. मंदाकिनीबाईंची पाठ धड नव्हती, त्याला उचलणं त्यांना झेपत नसे. म्हणून जुबेदा दुकान उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर जायची, त्याला पोटाखाली टॉवेल घालून उचलायची, खाली न्यायची, आणायची. पोतं तिने स्वतः नेऊन दिलं. पहिल्या दिवशी गुंड्याने दाण्यांचा वास घेऊन तोंड फिरवलं आणि डब्याची वाट बघत बसला. चव तिनेच लावली होती, आता सोडवायचीही तिनेच. ती दाणे कोमट पाण्यात भिजवून एकेक करून भरवायची. मंदाकिनीबाई आत चहा टाकायच्या आणि एक कप गॅलरीत पिंजऱ्याशेजारी आणून ठेवायच्या. बोलणं फार होत नसे. सांत्वन म्हणून काही बोलायचा बाईंचा स्वभाव नव्हता आणि जुबेदाला ते नकोच होतं. तिला फक्त एक हवं होतं, हे पिल्लू एकदा आपल्या पायावर उभं राहावं. नमाजानंतर ती काय मागते ते मकसूदने एकदा विचारलं. तिने सांगितलं नाही. कुत्र्याच्या पायांसाठी दुआ मागते हे सांगायची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग आला.

एक दिवस टॉवेल पोटाखाली घालायला ती वाकली, तर गुंड्या आपला आपण उठला. थरथरला, एकदा बसला, पुन्हा उठला. चारी पाय टेकून उभा राहिला आणि पहिलं काम म्हणून त्याने शेजारचा चहा सांडला. जुबेदा तिथेच गॅलरीत बसली आणि रडली. मंदाकिनीबाई फडकं घेऊन आल्या, चहा पुसला, मग त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

हाड भरलं. मागचा पाय सांधला. पुढच्या पायांचा बाक मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले, हा आता जन्माचा, पण दुखणार नाही.

जुबेदाने एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात पाटी लिहिली. 'फक्त मांसाच्या डब्यावर पिल्लू वाढवू नये. आमच्याकडून अशी चूक झाली आहे.' ती फळीला लावायच्या आधी तिने मंदाकिनीबाईंना दाखवली. बाईंनी चष्मा लावून वाचली आणि परत दिली.

"शुद्धलेखन बरोबर आहे. पण पाटी वाचतं कोण? डब्यावर छापलेलं तुम्ही तरी कुठे वाचलं होतंत?"

"मग काय करू?"

"मी संध्याकाळी फिरायला जाते. याला आता माझ्याइतकं चालवत नाही. तोवर तुमच्याकडे बसेल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी गुंड्या दुकानाच्या दारात बसतो. अंग तसंच तुकतुकीत, तोंड तसंच हसरं, आणि पुढचे दोन पाय कंसासारखे. चाळण अजून बेसिनजवळ टांगलेली आहे, नवा डबा अजून धुतला जातो, ढोकळ्यासारखा तुकडा अजून कंपनीच्या माणसाच्या हातावर ठेवला जातो. पण दारातून आत येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधी खाली वाकतं, गुंड्याला कुरवाळतं आणि विचारतं, "अय्या, याचे पाय असे का हो?"

जुबेदा हातातलं काम बाजूला ठेवते.

"माझ्यामुळे," ती म्हणते. आणि मग वरच्या फळीवरचा डबा काढून तो उलट्या बाजूने त्यांच्या हातात देते.